समनुञ्ञेचा दोष : निजाम, रझाकार आणि राजाच्या जबाबदारीचा प्रश्न

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. परभणी असो, नांदेड असो वा बीड, त्या दिवशीच्या भाषणांत रझाकारांच्या अत्याचारांचे वर्णन होते, कासीम रझवीचा धिक्कार होतो, स्वामी रामानंद तीर्थ व सरदार पटेल यांचे स्मरण होते. ज्याच्या नावाने हे सर्व घडले तो राजा, सातवा निजाम मीर उस्मान अली खान, मात्र बहुधा एकदोन वाक्यांत आटोपला जातो. कोणी त्यास क्रूर म्हणतो, तर कोणी म्हणतो की बिचारा रझवीच्या कैदेत होता. राजाच्या जबाबदारीचा विचार या दोन वाक्यांच्या पलीकडे फारसा जात नाही.

प्रस्तुत लेखात हा विचार पालि वाङ्मयाच्या आधारे करावयाचा आहे. धम्मविषयक नियतकालिकाने निजामाच्या राजकारणात कशाला शिरावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की राजाचे पाप कशाने मोजावे, हा तिपिटकातील एक जुना प्रश्न आहे आणि परभणीच्या वाचकास त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते.

घटनाक्रम

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. आज जालना जिल्ह्यात असलेले परतूर त्या काळी परभणी जिल्ह्यात होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. हे दोन प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून ब्रिटिश गेल्यानंतर आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची रझाकार ही सशस्त्र स्वयंसेवक शाखा लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाताखाली याच काळात बळावली. ऑक्टोबरच्या अखेरीस भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार करण्यास निजामाच्या कार्यकारी मंडळाने बहुमताने मान्यता दिली. शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन व सर सुलतान अहमद यांच्या निवासस्थानांना वेढा घातला. शिष्टमंडळ गेले नाही. निजामाचे मत फिरले, छत्तारींनी पद सोडले आणि रझवीला अनुकूल असे लायक अली यांचे मंत्रिमंडळ आले. करारावर सही झाली ती २९ नोव्हेंबरला. त्यानंतरच्या साडेनऊ महिन्यांत खेड्यापाड्यांतून जे झाले ते मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेस निजामाने युद्धबंदीचा हुकूम दिला, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि रझाकार संघटना बरखास्त करण्यात आली.

२३ सप्टेंबरला निजामाने नभोवाणीवरून भाषण केले. त्याचा आशय असा की गेल्या वर्षी एका लहानशा टोळीने पंतप्रधानांचे घर वेढून, धाकदपटशाने आपल्यावर लायक अलींचे मंत्रिमंडळ लादले. या टोळीने हिटलरी पद्धतीने राज्य बळकावले आणि आपणास पूर्णपणे असहाय केले.

दोन उत्तरे

या विषयावरील ग्रंथसंपदा थोडी नाही. व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथ १९५६ साली आला. भारत सरकारचे हैदराबादमधील प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांचे पुस्तक १९५७ चे. दुसऱ्या बाजूने लायक अली यांनी १९६२ मध्ये आपली कैफियत मांडली. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ मध्ये निघाल्या, आणि अनंत भालेराव यांचा मराठवाड्याच्या लढ्यावरील मोठा मराठी ग्रंथ १९८७ मध्ये. वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनीही या प्रश्नावर लिहिले आणि निजामाच्या राजकीय चातुर्याकडे डोळेझाक करू नये, असे बजावले.

या लेखनातून आणि त्यावर पोसलेल्या लोकसमजुतीतून राजाविषयी दोन उत्तरे निघतात. पहिल्यानुसार राजा बंदी होता. सत्ता रझवीची होती आणि राजा केवळ सही करणारा हात होता. दुसऱ्यानुसार राजा सूत्रधार होता. रझवी हे त्याने पुढे केलेले प्यादे होते. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांचा पाया एकच आहे. हुकूम कोणी दिला, एवढाच प्रश्न दोन्ही विचारतात. हुकूम राजाचा नसेल तर तो निर्दोष आणि असेल तर दोषी. हुकूम देणे व काहीही न करणे यांच्या दरम्यान जी मोठी जागा आहे, ती दोन्ही उत्तरांत रिकामी राहते.

जपानचे उदाहरण

हीच अडचण त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला, तोक्यो येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे होती, आणि तेथील राजा बौद्ध परंपरेच्या देशातला असल्याने आपणास तिची दखल घेणे भाग आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये या न्यायाधिकरणाने निकाल दिला व डिसेंबरमध्ये माजी पंतप्रधान तोजो यांच्यासह सात जणांना फाशी झाली. सम्राट हिरोहितो यांच्यावर आरोपपत्रच ठेवले गेले नव्हते. १८८९ च्या जपानी संविधानानुसार सेना व नौसेना यांचे सर्वोच्च आधिपत्य सम्राटाकडे होते. १९३१ मध्ये मांचुरिया, १९३७ मध्ये चीन, १९४१ मध्ये अमेरिका व ब्रिटन, ही सर्व युद्धे त्याच्या नावाने लढली गेली. परंतु शांततेच्या काळात त्याचा उपयोग होईल, या हिशेबाने जनरल मॅकआर्थरने त्यास गादीवर ठेवले.

१९४६ मध्ये सम्राटाने आपल्या निकटवर्तीयांपुढे जे निवेदन केले ते १९९० मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाले. संविधानिक राजा असल्याने मंत्रिमंडळाने एकमताने मांडलेला निर्णय आपणास नाकारता येत नव्हता, असा त्याचा रोख आहे. अमेरिकन इतिहासकार हर्बर्ट बिक्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या बचावाचे सविस्तर खंडन केले. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष विल्यम वेब यांनीही आपल्या स्वतंत्र मतपत्रात नमूद केले होते की युद्धास सम्राटाचा अधिकार आवश्यक होता, आणि युद्ध नको असते तर त्याने तो अधिकार द्यावयाचा नव्हता. भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले, पण त्यांचा मुख्य आक्षेप न्यायाधिकरणाच्या कायदेशीर पायावर होता. अत्याचार झालेच नाहीत, असे त्यांनी म्हटले नाही.

सम्राटाच्या बचावाविरुद्ध सर्वांत बलवान पुरावा त्याच्याच आयुष्यातील आहे. फेब्रुवारी १९३६ मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी तोक्योत बंड करून मंत्र्यांचे खून केले, तेव्हा सेनापती चाचरत असतानाही सम्राटाने बंड मोडण्याचा ठाम आग्रह धरला आणि बंड मोडले गेले. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्धमंडळात समसमान मते पडली असता त्याच्या शब्दाने शरणागतीचा निर्णय झाला. म्हणजे त्याच्या शब्दाने लष्कर थांबत होते. तो शब्द १९३७ व १९४१ मध्ये का उच्चारला गेला नाही, हे विचारावे लागते.

पालि मोजमाप

आता तिपिटकाकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातील कम्मपथवग्गात प्राणातिपातासंबंधी एक चतुष्क आले आहे. मनुष्य चार प्रकारे दोषी होतो : स्वतः प्राणघात करून, इतरांस त्यासाठी प्रवृत्त करून, प्राणघातास संमती देऊन आणि प्राणघाताची स्तुती करून. यांपैकी तिसऱ्यासाठी ‘समनुञ्ञ’ असा शब्द आहे. समनुञ्ञ म्हणजे ज्याची कृत्यास मान्यता आहे असा.

अट्ठकथाकारांनी प्राणातिपाताच्या सहा प्रयोगांची जी यादी दिली आहे तीत स्वहस्ते केलेला तो साहत्थिक व आज्ञेने करविलेला तो आणत्तिक. राजांचा विचार करताना अभ्यासक बहुधा या आणत्तिकापाशीच थांबतात, कारण राजा स्वतः तलवार उचलीत नाही, आज्ञा देतो. निजामासंबंधीची वर सांगितलेली दोन्ही उत्तरेही आणत्तिकाच्याच कक्षेत फिरतात. कम्मपथवग्गातील चतुष्क त्यापुढे जाते. आज्ञा नसतानाही दोष असू शकतो, एवढेच ते सांगत नाही. तो दोष आज्ञेहून वेगळ्या जातीचा आहे, हेही दाखविते. म्हणून रझवी व निजाम यांना एकाच मापाने मोजण्याची गरज उरत नाही, आणि एकास दोषी ठरविल्याने दुसरा आपोआप सुटतही नाही.

येथे एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. बुद्धशासनात कर्म म्हणजे चेतना. राजाच्या चित्तात संमती होती की भय होते, हे आपण कसे जाणणार? चित्त जाणण्याचा दावा इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये, हे मान्य. परंतु संमतीची बाह्य लक्षणे तपासता येतात. माझ्या मते ती तीन आहेत. थांबविण्याचे सामर्थ्य होते काय? कृत्याचा लाभ स्वीकारला काय? संबंध तोडण्याची संधी असता तो टिकविला काय?

सामर्थ्याविषयी वर सांगितलेले १९३८ चे दोन प्रसंग पाहावेत. ज्या राजसत्तेला जन्मण्यापूर्वीच एका संघटनेवर बंदी घालता येत होती, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील एक गीत बंद पाडता येत होते, तिला राजधानीत तीन घरांभोवती जमलेला जमाव अनिवार होता, असे मानणे कठीण आहे. निजामाची स्वतःची फौज होती, पोलिस होते. पुढे १७ सप्टेंबरला रझाकार संघटना एका हुकमाने बरखास्त झाली. कोणी म्हणेल, तेव्हा भारतीय सैन्य दाराशी होते, म्हणून तो हुकूम पाळला गेला. हे अंशतः खरे आहे. पण त्यावरून एवढेच ठरते की अगोदर हुकूम दिला असता तर तो पूर्णपणे पाळला गेला असता की नाही, हे अनिश्चित होते. अगोदर तो दिला गेला नाही, हे मात्र निश्चित आहे.

लाभाचा मुद्दा अधिक स्पष्ट आहे. स्वतंत्र सार्वभौम राज्य हे निजामाने जून १९४७ मध्येच जाहीर केलेले ध्येय होते. रझाकारांचा दरारा त्याच ध्येयाच्या उपयोगी पडत होता. १९४८ च्या उन्हाळ्यात सिडने कॉटन या वैमानिकाच्या विमानांतून संस्थानात शस्त्रे आली, ती सरकारच्या सौद्याने आली. संबंध तोडण्याची संधीही एकदा नव्हे, अनेकदा आली. ऑगस्ट १९४८ मध्ये काही प्रतिष्ठित मुस्लिम गृहस्थांनी भारतात सामील व्हावे असे उघड पत्रक काढले. ते छापणारा ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा त्याच महिन्यात रात्री रस्त्यात खून झाला. त्यानंतरही मंत्रिमंडळ बदलले नाही, संघटनेवर बंदी आली नाही. तिन्ही लक्षणे जुळतात. निजामास समनुञ्ञ म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

दानाने दोष फिटतो काय?

आपल्यापैकी काही विद्वान निजामाविषयी मवाळपणे बोलतात, त्याचे एक कारण अजिंठा आहे. १९१४ पासून गुलाम यझदानी यांच्या हाती असलेल्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याचे रक्षण केले, १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रे सांभाळली, आणि यझदानींचे अजिंठ्यावरील चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. याच संस्थानात मस्की येथे १९१५ साली तो शिलालेख सापडला, ज्यावर अशोकाचे नाव प्रथमच त्याच्या स्वतःच्या लेखात वाचावयास मिळाले. बौद्ध विद्येवर या खात्याचे ऋण आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि ऋण मानणे निराळे आणि दोषमुक्ती देणे निराळे. ही गल्लत बौद्ध परंपरेत पूर्वीही झाली आहे. महावंसात दुट्ठगामणी राजा युद्ध जिंकल्यावर असंख्य मृतांच्या आठवणीने व्याकूळ होतो. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की तुझ्या हातून केवळ दीड माणूस मेला. एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला, बाकीचे पशूंसारखे. पुढे तोच राजा महाथूप उभारतो. हा प्रसंग वंसग्रंथातील आहे, सुत्तातील नाही, आणि युद्धात मेलेल्या योद्ध्यास स्वर्ग मिळतो या समजुतीचे संयुत्तनिकायात भगवंतांनी स्वतः केलेले खंडन याच्या उलट दिशेचे आहे. जपानमध्ये विसाव्या शतकात अनेक बौद्ध पंथांनी राजाला असेच सांत्वन पुरविले. सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये आपल्या युद्धकालीन वर्तनाबद्दल पश्चात्तापाचे निवेदन काढले, ते याच इतिहासामुळे. दात्याला दीड माणसाचा हिशेब सांगणारा संघ चतुष्कातील चौथ्या दोषाचा, म्हणजे प्राणघाताच्या स्तुतीचा, धनी होतो.

कबुलीची कसोटी

राजाने दोष कबूल करावा म्हणजे काय करावे, याचीही दोन उदाहरणे आपल्यापाशी आहेत. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचे आकडे आहेत : एक लाख मारले गेले, दीड लाख देशाबाहेर नेले गेले, त्याहून कित्येक पट मेले. त्या लेखात एकाही सेनापतीचे नाव नाही. दुःख राजाचे आणि कृत्यही राजाचेच आहे. पण चिकित्सकाने पुढेही पाहावे. हा लेख खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांनी सोसले त्यांच्यासमोर कबुली देणे अशोकासही अवघड गेले असावे.

दुसरे उदाहरण सामञ्ञफलसुत्तातील अजातशत्रूचे. पितृवधाची कबुली तो तथागतांपुढे देतो. भगवान ती स्वीकारतात आणि अपराध अपराध म्हणून पाहणे ही विनयात वृद्धी आहे असे म्हणतात. राजा गेल्यावर मात्र भिक्खूंना सांगतात की हा राजा स्वतःचा घात करून बसला आहे; पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्यास धम्मचक्षू लाभला असता. कबुली स्वीकारणे व फळ पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा याचा अर्थ.

या कसोटीवर निजामाचे २३ सप्टेंबरचे भाषण उतरत नाही. त्यात अपराध आहे, पण तो सर्वस्वी इतरांचा आहे. तरीही २६ जानेवारी १९५० रोजी तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखा त्यास ठरला, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तो त्या पदावर राहिला. त्याच महिन्याच्या १४ तारखेस नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली होती. मॅकआर्थरने हिरोहितोस आणि दिल्लीने निजामास राखले, त्यामागे शांततेचा हिशेब होता. तो हिशेब राजकारणात कदाचित बरोबर असेल. त्याला न्यायनिवाडा समजण्याची चूक इतिहासलेखकाने करू नये.

आपला प्रश्न

बाबासाहेबांची भूमिका येथे आठवणे अगत्याचे आहे. हैदराबादमधील बी. एस. व्यंकटराव व श्यामसुंदर हे दलित पुढारी निजामाच्या बाजूने गेले असताना, नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून संस्थानातील अस्पृश्यांना बजावले की त्यांनी निजामाची व इत्तेहादची साथ करू नये. निजामाच्या छत्राखाली मिळणाऱ्या सवलतींचे मोल त्यांना ठाऊक होते. तरीही संमती विकू नये, असा त्या सल्ल्याचा गाभा होता. चतुष्काच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी आपल्या लोकांना तिसऱ्या दोषापासून दूर राहण्यास सांगितले.

परंतु हे माप फक्त राजालाच लागू आहे असे समजून आपण लेखणी खाली ठेवली, तर ते अर्धेच वापरले असे होईल. भारतीय सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात व शेजारच्या जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज दिला आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित म्हणून नोंदविले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणांत तो अजूनही क्वचितच ऐकू येतो. मेलेल्यांपैकी पुष्कळांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता. रझाकारांनी मारलेला शोएबुल्ला खान मुस्लिम होता, हेही त्या भाषणांत कोणी सांगत नाही.

जो समाज रझाकारांचे अत्याचार गावोगावची नावे घेऊन सांगतो आणि त्यानंतरच्या हत्यांविषयी बोलताना ‘ते होणारच होते’ एवढे म्हणून पुढे जातो, तो समनुञ्ञ होतो. त्याच्या हाती तलवार नव्हती, त्याने आज्ञाही दिली नव्हती. निजामाच्याही हाती तलवार नव्हती. राजाला लावलेले माप आपण स्वतःला लावण्यास तयार असू, तरच ते लावण्याचा अधिकार आपणास आहे. विहारांतून १७ सप्टेंबरला कार्यक्रम होतात, तेथे लढ्यातील हुतात्म्यांबरोबर या मृतांसाठीही पुण्यानुमोदन व्हावे, असे मला सुचवावेसे वाटते. संमतीच्या दोषाला उतारा असेल तर तो असंमती उघडपणे उच्चारण्यातच आहे.